चिमणीचा टेप

चिमणी म्हंजे पाखरू न्हवं. चिमणी म्हंजे बाळाबाईची म्हस. अंगानं हत्तीएवढी, शिंगं पाठीला टेकल्याली आणि नाव चिमणी. जलमली तवा मुठीएवढी हुती म्हणून बाळाबाईनं ठेवलं. पुढं म्हस वाढत गेली, नाव काय वाढलं न्हाय.

तर ही चिमणी त्या दिवशी भर दुपारी गोठ्याच्या ओट्यावर एकटी उभी हुती आणि चारी बाजूनं भोगावती नदीचं पाणी हुतं. गढूळ, चहाच्या रंगाचं, मधनं मधनं कुणाच्या तरी गंजीतल्या कडब्याच्या पेंढ्या वाहून न्हेणारं. गावातली बाकीची जनावरं सकाळीच माळावरच्या शाळंत गेल्ती. चिमणीबी त्यांच्यासंगट निघाली हुती. पण वाटंत पाणी लागलं, तिनं एकडाव वास घेतला आणि मागं फिरून थेट गोठ्यात जाऊन उभी ऱ्हायली. तवापास्नं हलंना.

वरच्या रस्त्यावर विश्वजितचा ट्रॅक्टर उभा हुता. ट्रॉलीत ताडपत्रीखाली गाद्या, भांडी, ट्रंका. विश्वजित म्हंजे शेजारचाच पोरगा, लग्न झाल्यालं, दोन दिवस नुसता गाव आणि माळ, गाव आणि माळ अशा खेपा मारत हुता. डोळं लाल झाल्ते.

"काकू, ही शेवटची खेप हाय," तो म्हणाला. "धरणाची दारं उघडल्यात. पुलावर पाणी आलं की मी बी हिकडं आणि तुमी बी हिकडं. मग बसा बोंबलत."

"बसतो की," बाळाबाई म्हणाली. "तू जा. मी म्हस घेतल्याबिगर येत न्हाय."

"आवं, आदी सगळं करून बघितलं की. दावं लावून वडलं. तुटलं दावं. मागनं काठी घातली. मलाच शिंगावर घ्यायला आली."

पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बाळाबाई रस्त्याच्या कडंला उभी हुती आणि तिकडं चिमणी तिच्याकडं बघत हुती. मधी पाणी. कमरंच्या वर, मधल्या नाल्यात छातीला लागंल एवढं. सकाळी गोठ्याच्या तीन पायऱ्या दिसत हुत्या. आता एक दिसत हुती.

तिची सून क्रांती ट्रॉलीतनं खाली उतरली. तिच्या काखंत प्लास्टिकात गुंडाळल्याला टेप हुता.

"आत्ती, ह्यो लावून बघू," ती म्हणाली.

बाळाबाईनं तोंड फिरवलं. त्या टेपावरनं घरात लई झालं हुतं.

त्याचं असं झालं. गेल्या येताला चिमणीचं रेडकू मेल्यालं निघालं. रेडकू न्हाय म्हटल्यावर म्हस पान्हा सोडंना. कास दगडासारखी. बाळाबाई म्हणाली, जुन्या लोकांगत रेडकाच्या कातड्यात भुस्सा भरून पुढं ठेवायचं, म्हस चाटती आणि पान्हा सोडती. क्रांतीला त्या वासानं मळमळलं. ती कागलची, चांगली शिकल्याली, नवरा राजवीर ट्रक घेऊन महिना महिना भाईर. तिनं माहेरनं आपल्या भावाचा जुना टेप आणला. भाऊ हलगी वाजवायचा. जत्रंतल्या कुस्तीच्या मैदानात त्याची हलगी आणि जोडीला घुमकं, असं सगळं एका कॅसेटवर भरून घेतल्यालं. ते तिनं गोठ्यात लावलं. पयल्या दिवशी म्हशीनं कान हलवलं. चौथ्या पाचव्या दिवशी धार सुटली. आणि मग असं झालं की क्रांती टेप घेऊन पुढं चालली की चिमणी मागनं चालायची, पाण्यावर, रानात, कुठंबी. गावातली पोरं हसायची, म्हणायची, चिमणी मैदानाला निघाली.

बाळाबाईला त्ये सोसलं न्हाय. चाळीस वर्सं तिच्या हाताला जनावरं पान्हा सोडत हुती. आता म्हस एका डब्याचं ऐकती म्हंजे काय. "माझी म्हस नासवलीस," ती म्हणायची. आणि क्रांती म्हणायची, "मग तुमी काढा की धार." ती निघायची न्हाय, मग बोलणंच खुंटायचं.

विश्वजितनं खिशातनं मोबाईल काढला. "टेप कशाला, माझ्याकडं हाय की हलगी," म्हणला आणि लावली. मोबाईलचा आवाज त्या पुराच्या घोंघाटात चिलटासारखा. चिमणीनं एक कान हिकडं केला आणि परत घेतला. तेवढ्यात मोबाईलनं बी मान टाकली. लाईट जाऊन तिसरा दिवस, चार्जिंग कुठलं.

क्रांतीनं प्लास्टिक सोडलं, टेप ट्रॉलीच्या फळीवर ठेवला आणि बटण दाबलं.

काय न्हाय.

परत दाबलं. काय न्हाय.

"सेल गेलं असतील," विश्वजित म्हणाला.

"आठ दिवसामागं नवं घातल्यात मी," क्रांती म्हणाली आणि मागचं झाकण उघडलं.

आत चार मोठं सेल हुतं. दोन फुगल्यालं, त्यांच्या बुडातनं काळपट चिकाट आल्यालं आणि स्प्रिंगावर पांढरा-हिरवा भुगा साठल्याला. क्रांतीनं पदराचा कोपरा धरून एक सेल भाईर काढला आणि वळवून बघितला. त्याच्यावरचा कागद एका अंगाला तांबूस करपल्याला.

"आत्ती," ती म्हणाली, "हे सेल तुमी वैलावर ठिवल्तासा काय?"

बाळाबाई पाण्याकडं बघत ऱ्हायली.

ठिवलं हुतं. बॅटरीचं सेल उतरलं की चुलीच्या वैलावर, न्हायतर उन्हात कौलावर ठेवायचं, गरम झालं की आणि चार दिवस चालत्यात, हे ती लग्न होऊन आली तवापास्नं करत हुती. पाऊस लागल्यापास्नं ऊन न्हवतं. आणि ही पोरगी सारखं नवं सेल घालती, पैसा झाडाला लागतोय काय, असं वाटून तिनं टेपातलं दोन नवं सेल काढून आपल्या हातबॅटरीत घातलं आणि बॅटरीतलं दोन जुनं, वैलावर तापवून, टेपात. क्रांतीला सांगितलं न्हाय.

"उतरलं हुतं म्हणून तापवलं," शेवटी ती म्हणाली. "त्यात काय झालं."

"फुटलं त्ये झालं." क्रांतीचा आवाज चढला न्हाय, हेच बाळाबाईला जास्त लागलं. "आणि दोन जुनं, दोन नवं. भाऊ सांगून दमला, मिसळू नगा, जुना सेल तापतोय म्हणून."

"मग आता बॅटरीतलं त्ये दोन काढू की."

"बॅटरी कुठाय?"

बॅटरी काल रात्री घरात गुडघाभर पाणी शिरलं तवा बाळाबाईच्या हातनं पडली हुती. कुठं गेली देव जाणे.

"अडाप्टर?" विश्वजितनं विचारलं.

"हाय ट्रंकंत. त्येला लाईट लागती, भावजी."

विश्वजितनं नदीकडं बघितलं, मग ट्रॅक्टरकडं. आणि त्याचं तोंड उजळलं. "ही काय की बॅटरी," असं म्हणून त्यानं ट्रॅक्टरचं बॉनेट उघडलंबी. "दोन वायरी वडतो, टेपाच्या भोकात घालतो. ट्रॅक्टर सुरू करणारी बॅटरी हाय वहिनी, टेप नाचंल."

"किती व्होल्टची?"

"बाराची."

क्रांतीनं टेप उचलून उराशी धरला. "न्हाय. ह्येच्या मागं सहा लिवलंय. बारा घातलं की जळंल."

"दोन मिन्टं तर चालंल. तेवढं बास."

"आणि न्हाय चाललं तर? दुसरा कुठाय? ही कॅसेट दुसऱ्या कशात लावायची?"

"क्रांते, आण त्यो हिकडं," बाळाबाई म्हणाली.

"न्हाय आत्ती."

"माझी म्हस बुडाय लागल्या, आणि तू मला व्होल्ट सांगतीस? आण म्हणतो न्हवं."

दोघी समोरासमोर उभ्या. पाऊस दोघींच्या नाकावरनं गळत हुता. विश्वजित हातात लाल वायर धरून मधी, कुणाचं ऐकावं कळंना. तिकडं चिमणी एकदा हंबरली. लांब, खालच्या आवाजात, जसं कास तटली की हंबरती तसं. बाळाबाईनं वळून बघितलं. शेवटची पायरी दिसत न्हवती.

तिचा हात टेपाकडं गेल्याला तसाच थांबला. तिनं त्या पांढऱ्या भुग्याकडं बघितलं. एकदा आपल्या मनानं केलं, त्याचं हे फळ समोर दिसत हुतं. आणि दुसऱ्यांदा करायला दुसरा टेप न्हवता. ती पोरगी खरं बोलत हुती. आवडत न्हवती तरी खरं बोलत हुती.

"मग कशानं चालंल? ते सांग," ती म्हणाली.

"चार सेल पायजेत. चांगलं. एकसारखं." क्रांती थांबली. "बारकं असलं तरी चालतंय. पेन्सिल सेल. ताकद तेवढीच, फकस्त लवकर उतरतंय."

"आता पेन्सिल सेल कुठनं आणायचं," विश्वजित म्हणाला. "दुकान पाण्यात. माझ्या घड्याळात एक हुता, त्ये घड्याळच पाण्यात."

बाळाबाई खोळ सावरून ट्रॉलीत चढली, ताडपत्री सारली, आपली ट्रंक उघडली आणि लुगड्यांच्या खालनं एक पांढरं यंत्र काढलं. दंडाला बांधायचा पट्टा त्याला गुंडाळल्याला, काचंवरचं प्लास्टिकबी अजून तसंच.

क्रांती बघतच ऱ्हायली. "हे बीपीचं यंत्र न्हवं? ह्यांनी आणल्यालं?"

"त्येच्यात चार हायत. कंपनीतनं आल्यालं. वापरलं न्हायत."

"तुमी तर रोज बघतो म्हणून सांगता. परवा फोनवर सांगितलासा, झ्याक हाय म्हणून."

"झ्याकच हाय की. न बघता झ्याक हाय. घे सेल आणि गप."

विश्वजित तेवढ्यातबी हसला. पण हसू ओठावरच ऱ्हायलं, कारण पाणी आता रस्त्याच्या कडंच्या दगडाला लागलं हुतं.

क्रांतीनं आधी ताडपत्री वर धरायला लावली, आत थेंबबी नगो म्हणून. बाकीचं सेल काढून टाकलं. बाळाबाईनं कोरड्या फडक्यानं आतला भुगा पुसला. बोटं चुणचुणायला लागली, तरी पुसला. मग इळ्याच्या टोकानं स्प्रिंगा खरवडल्या, तांब्याचं भांडं घासावं तशा, चमक दिसंपातूर. बारकं सेल मोठ्या खोबणीत खुळखुळत हुतं, म्हणून क्रांतीनं वर्तमानपत्राच्या घड्या गुंडाळून ते जाड केलं. तरी लांबीला कमी पडलं. सकाळी वाटल्याल्या जेवणाच्या पाकिटांचा चांदीचा कागद ट्रॉलीत पडला हुता. विश्वजितनं त्याच्या घट्ट घड्या घातल्या आणि सेलाच्या बुडाशी ठासल्या.

"उलटं-सुलटं नीट बघ ग," बाळाबाई म्हणाली. तिला एवढं ठावं हुतं की सेलाला तोंड असतंय.

"बघितलं. आत चित्र काढलंय." क्रांतीनं झाकण लावलं. बोट बटणावर ठेवलं. दाबायला तिला धीर हुईना.

"दाब की."

दाबलं.

आदी नुसती खरखर. मग कुणीतरी लांबनं आरोळी दिल्यागत मैदानातली माणसं, आणि मग हलगी. कडाड्, कडकड कडाड्. मागनं घुमक्याचा घुम्म घुम्म. त्या पावसात, त्या पाण्यावर असा आवाज उठला की विश्वजितच्या अंगावर काटा आला.

चिमणीनं दोन्ही कान फिरवलं. मान वर केली. ओट्याच्या कडंला आली, पुढचा एक पाय पाण्यात टाकला.

"ये, ये, ये माझे बाय," बाळाबाई म्हणाली.

चिमणीनं दुसरा पाय टाकला. छातीपातूर पाण्यात आली. आणि नेमकी तितंच हलगी जडावली. कडाड् चं कडाऽऽड् झालं. हलगीवाल्याला झोप आल्यागत. चिमणी थांबली.

"उतरायलंय," क्रांती म्हणाली. "बारकं सेल, मोठा आवाज. आवाज कमी केला तर फिरंल नीट."

"कमी केला तर तिला ऐकू कसं येणार?"

उत्तर दोघींना ठावं हुतं. टेप जवळ न्यायला पायजे हुता.

"मी जातो," क्रांती म्हणाली.

"पवायला येतंय तुला?"

"न्हाय."

"मग कुठं जातीस." बाळाबाईनं खोळ काढून टाकली आणि लुगड्याचा काष्टा खोचला. तिचं माहेर राधानगरीच्या अंगाला, नदीत डुंबून वाढल्याली बाई. पण आता साठी उलटून गेल्ती, आणि ट्रंकंतलं यंत्र न वापरता ठेवल्यालं हुतं ते उगीच न्हाय. एकदाच लावलं हुतं, आकडा बघून भ्याली आणि परत लावलं न्हाय. हे तिनं त्या घडीला कुणाला सांगितलं न्हाय.

विश्वजितनं तिच्या कमरंला सोल, म्हंजे ट्रॉलीची जाड दोरी, बांधली, ट्रॅक्टरच्या हुकाला दुसरं टोक. टेप पेंडीच्या प्लास्टिकच्या पिशवीत घातला, तोंड पुढं उघडं, पिशवी घमेल्यात आणि घमेलं बाळाबाईच्या डोक्यावर. आवाज निम्मा केला तशी हलगी परत ताठ झाली.

"आत्ती, घसरला तर टेप सोडा," क्रांती म्हणाली. "सोल सोडू नगासा."

"बघू."

पाणी गुडघ्याला, मांडीला, कमरंला. एका हातानं घमेलं धरून ती तिरकी तिरकी चालली. पायाखाली गाळ. पाणी वडत हुतं, कुणीतरी लुगडं धरून बाजूला न्यावं तसं. मधल्या नाल्यात पाय टाकला आणि खाली काय लागलंच न्हाय. पाणी एकदम गळ्याला आलं. मागं क्रांती वरडली, सोल ताठ झाली. बाळाबाईचं डोस्कं आणि वरचं घमेलं तेवढं वर. छातीत धडधड अशी, की हलगी कुठली आणि काळीज कुठलं कळंना. मग अंगठ्याला दगड लागला. ती वर आली, खोकली, आणि चार पावलं पुढं झाली.

"चिमणे," ती म्हणाली.

चिमणीनं मान लांब करून घमेल्याचा वास घेतला. मग बाळाबाईच्या मानंवर ऊन ऊन श्वास टाकला. बाळाबाईनं तिच्या गळ्यातला तुटल्याला दाव्याचा तुकडा मुठीत धरला आणि वळली. म्हस वळली. दोघी निघाल्या.

नाल्याशी आल्या आणि चिमणीचं पाय सुटलं, ती पवायला लागली, आणि नेमका तवाच टेप बंद पडला. हळूहळू न्हाय. हलगी एकदा घोगरली आणि संपलं.

चिमणीनं तोंड मागं केलं. गोठ्याकडं. तिच्यासंगं बाळाबाईबी फिरली. हातातलं दावं निसटायला लागलं. काठावर क्रांती आणि विश्वजित सोल वडत हुतं, म्हस एकीकडं, सोल एकीकडं, मधी ही म्हातारी.

"दावं सोडा, आत्ती," क्रांती वरडली.

बाळाबाईनं दावं सोडलं न्हाय. तिनं तोंड उघडलं आणि तिच्या तोंडातनं हलगी आली.

"कडाड्. कडकड कडाड्. घुम्म. घुम्म."

रोज सांज-सकाळ, तोंड वाकडं करून, शिव्या देत ऐकल्यालं. कुठं उचलायचं, कुठं थांबायचं, क्रांतीचा भाऊ कुठं चुकतोय, घुमकं कुठं मागं पडतंय, सगळं तिच्या डोस्क्यात बसलं हुतं, तिला न सांगता. नाकातोंडात पाणी जात हुतं, थुंकून परत वाजवत हुती. तिकडं रस्त्यावर क्रांतीनं ट्रॅक्टरच्या पत्र्यावर दोन्ही हातानं ताल धरला. विश्वजित नुसता सोल वडत हुता आणि बडबडत हुता, चल म्हाराणी, चल.

चिमणीचं तोंड सरळ झालं.

मग काय, म्हसच ती. एकदा मनावर घेतल्यावर तिला पाण्याचं काय. चार हात मारलं आणि रस्त्यावर उभी, अंग झाडत. मागनं दाव्याला धरून बाळाबाई, डोक्यावर घमेलं तसंच. खाली बसली ती बसलीच. क्रांतीनं तिच्या डोक्यावरचं घमेलं उतरवलं.

"माळावर डॉक्टरीण हाय," क्रांती म्हणाली. "आदी बीपी बघायचं. यंत्र असून बघत न्हायसा, ह्ये आता चालायचं न्हाय."

"आता सेल कुठायत त्येच्यात," बाळाबाई म्हणाली.

पुलावर पाणी चढायच्या आत ट्रॅक्टर पलीकडं गेला, म्हस ट्रॉलीमागनं.

माळावरच्या शाळंत सांजच्याला जनरेटर सुरू झाला. एका वर्गात माणसं, व्हरांड्यात जनावरं. चिमणीची कास तटतटल्याली, हात लावू देईना. डॉक्टरणीनं बाळाबाईला गोळी देऊन पडून ऱ्हायला सांगितलं हुतं. पण ती भिंतीला टेकून व्हरांड्यातच बसली, म्हस दिसंल अशी. टेप समोर, सेल मेल्यालं. क्रांतीच्या ट्रंकंत काल पाणी शिरल्यालं, त्यातला अडाप्टर काढला तर त्याच्या वायरीतनं पाणी गळत हुतं.

"ह्यो टाकून द्यायचा," क्रांती म्हणाली. "वाळवून बी लावायचा न्हाय."

वैलावर ठेवून बघू, असं बाळाबाईच्या जिभंवर आलं. तिनं गिळलं.

विश्वजितनं कुठनंतरी दुसरा अडाप्टर मागून आणला, काळा, जाड. "बसतोय भोकात," म्हणून बोर्डाकडं निघाला.

"इश्वा, थांब," बाळाबाई म्हणाली.

"काय काकू?"

"बारा हाय का सहा?"

विश्वजितनं क्रांतीकडं बघितलं. क्रांतीनं खाली बघितलं, हसू दिसू नये म्हणून.

"वाच की. मागं लिवल्यालं असतंय. आणि टेपावर ते वाटोळं चित्र असतंय बग, उजवं-डावं, ते बी जुळतंय का बग. न्हाय जुळलं तर परत दे त्येचा त्येला."

त्यानं दिव्याखाली धरून वाचलं. नऊ हुतं. परत दिला. दुसरा आणला, त्यो बी वाचला, चित्राशी चित्र लावून बघितलं. सहा हुतं. जुळलं.

हलगी सुरू झाली तशी व्हरांड्यातल्या सगळ्या म्हशींनी माना वर केल्या. चिमणीनं मागचं पाय फाकवलं. क्रांती चरवी घेऊन खाली बसणार, तेवढ्यात सासूनं हात पुढं केला.

"आण हिकडं."

"डॉक्टरणीनं पडून ऱ्हा म्हटलंय."

"बसूनच काढायची असती धार. आण."

क्रांतीनं चरवी दिली आणि टेपाचा आवाज थोडा वाढवला.